बाबांचा कम्प्युटर, विंडोज १० आणि 'पाच व्हायरस सापडले' : काय करू?

शेवपरमल
नमस्कार मंडळी. सल्ला पाहिजे, जरा पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे (इंदूर, तिलकनगर) बाबांचा डेस्कटॉप आहे, २०१४ ला असेंबल करून घेतलेला, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १०. बाबा ७६, बँकेतून रिटायर, दिवसाचे तीन-चार तास त्याच्यासमोर. मंडळाच्या अंकाचं टायपिंग, एफडीचा हिशेब, नातवंडांचे फोटो आणि पेशन्स. मंडळाचं टायपिंग एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये चालतं, ज्याला कम्प्युटरच्या मागे डाँगल (पेन ड्राइव्हसारखी किल्ली, ती नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही) लावावं लागतं, आणि ते सोडून बाबा दुसऱ्या कशात टाइप करायला तयार नाहीत.

गेला आठवडाभर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून एक पाटी वर येते, 'तुमच्या कम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले'. बंद केली की दहा मिनिटांनी परत. परवा त्यावर क्लिक केलं तर मोठ्ठा लाल पडदा, भोंगा आणि एक फोन नंबर. बाबांनी तो लावला!! पलीकडचा अगदी अदबीने बोलत होता म्हणे, 'सरजी एक छोटासा सॉफ्टवेअर टाका आणि त्यात दिसेल तो नऊ आकडी नंबर मला वाचून दाखवा'. बाबा चष्मा शोधत होते तेवढ्यात मी घरी पोचलो. नाहीतर त्या नंबरावरून त्याने आमचा कम्प्युटर तिकडून चालवला असता आणि एफडीचा हिशेब ठेवायची गरजच उरली नसती.

तर विचारायचं असं की विकतचा अँटिव्हायरस घ्यावा का? विंडोज १० चं तर ऑक्टोबरमध्ये तेरावं झालं, मग ११ टाकायचं की लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम), की सरळ नवा घ्यायचा? नव्याला बाबांचा सक्त विरोध आहे, 'चालतंय ना, मग?'

जुनी_इंदूर
फॉरमॅट मारा.

कुकर_तीन_शिट्या
पहिलाच प्रतिसाद 'फॉरमॅट मारा'. धागा शास्त्रोक्त पद्धतीने सुरू झालेला आहे.

पेंग्विनभक्त
शेवपरमल भाऊ, लिनक्स मिंट. डोळे झाकून. माझ्याकडे २०११ चा लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅमवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चालते, यूट्यूब चालतं, बँक चालते, नातवंडांचे फोटो चालतात. अँटिव्हायरस नाही, दरवर्षीचं रिन्यूअल नाही, 'अपडेट होत आहे, कम्प्युटर बंद करू नका' नाही. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेन ड्राइव्हवर टाकून आधी नुसतं चालवून बघता येतं, त्याला लाइव्ह म्हणतात, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. आवडलं तर इन्स्टॉल, नाही तर पेन ड्राइव्ह काढा, विंडोज आहे तिथेच.

मी २००७ पासून लिनक्सवर आहे. तेव्हा इथे नेट असं होतं की ७०० एमबीची सीडी डाउनलोड करायची म्हणजे मोडेमला उदबत्ती दाखवून झोपायचं. उबुंटूवाले तेव्हा फुकट सीडी पोस्टाने पाठवायचे. नुसतं वेबसाइटवर पत्ता भरला की परदेशातून पाकीट येतंय रामबागेत! पोस्टमनकाकांना वाटायचं मुलगा फॉरेनला चालला. २०११ ला ती योजना बंद झाली. माझ्याकडे दोन सीड्या अजून आहेत. त्या व्हायरस आणि रिन्यूअलच्या झंझटीतून जो सुटला तो सुटला. लिनक्सला व्हायरस येतच नाही.

किडा
त्या पाटीवर बारीक अक्षरात कुठल्या वेबसाइटचं नाव आहे का, आणि शेजारी क्रोमचं चिन्ह? बघून सांगा.

सीए_ताई
@पेंग्विनभक्त, दादा तुमचा उत्साह कळतो पण सगळ्यांना एकच औषध नका देऊ. माझ्या ऑफिसात टॅली आहे, डिजिटल सहीचं टोकन आहे, क्लायंट पाठवतात त्या मॅक्रोवाल्या एक्सेल फाइली आहेत. हे सगळं लिनक्सवर बसवायला मी महिनाभर एका मुलाला बसवला होता. शेवटी मुलगा लिनक्स शिकला, मी रिटर्न विंडोजवरच भरले. त्यांच्या बाबांचं डाँगलवालं सॉफ्टवेअरही मला तरी लिनक्सवर चालेलसं वाटत नाही.

पेंग्विनभक्त
लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायला वाइन नावाची चीज असते ताई.

कुकर_तीन_शिट्या
आमच्या काकांना सांगितलं की वाइन टाकली तर जुनी सॉफ्टवेअर चालतात. काका म्हणाले आमची जुनी मित्रमंडळी पण.

सीए_ताई
😄 वाइनमध्ये साधे प्रोग्राम चालतात हो, पण डाँगलचा ड्रायव्हर हा वेगळाच नखरा असतो. करून बघा आणि कळवा.

सराफा_रात्री_बारा
अँटिव्हायरस घ्याच. फुकटच्या भरवशावर राहू नका. मी पुण्याच्या काटकर बंधूंचं क्विक हील १५ वर्षं वापरतोय. ज्यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली त्यांना आपल्याकडचे पेन ड्राइव्ह कसे फिरतात ते माहीत आहे. आपला माणूस, आपला माल.

माळवी_मिरची
माझं उलट मत. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीच बसवलेला असतो, फुकट, आणि घरगुती वापराला पुरतो. तुम्ही दुसरा टाकलात की तो आपणहून मागे सरतो. दोन-दोन अँटिव्हायरस टाकणारे पण पाहिलेत, आमच्या शेजाऱ्यांकडे दोघे मिळून अख्खं मशीन खाऊन बसले होते, माउस हलवला की पिक्चर उद्या. ४ जीबी रॅमवर तर मी जड अँटिव्हायरस मुळीच टाकणार नाही.

सराफा_रात्री_बारा
मिरचीताई, म्हणजे कुलूप बिल्डरने दिलंय तेच पुरे?

माळवी_मिरची
कुलूप कुठलंही लावा हो. त्यांचे बाबा चोराला स्वतः फोन करून पत्ता सांगत होते.

जुनी_इंदूर
फॉरमॅट नंतर डिफेंडर.

एकेकाळचा_फ्लॉपीवाला
पोरांनो, व्हायरसच्या गोष्टी आम्हाला विचारा. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा सव्वापाच इंची फ्लॉपी, लॅबमध्ये बूट काढून जायचं, एसी कम्प्युटरला असायचा, माणसांना नाही. बाहेरच्या फ्लॉपीला सक्त मनाई, कारण फ्लॉपीतूनच व्हायरस यायचा. मशीन चालू करताना चुकून फ्लॉपी आत राहिली की संपलं. आमचे एक मित्र खरंच विचारत होते की बूट काढतात ते व्हायरस आत येऊ नये म्हणून का.

पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणतात तो 'ब्रेन', १९८६ चा, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. आपल्या सॉफ्टवेअरची चोरून कॉपी कोण करतो ते कळावं म्हणून लिहिला होता, असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे व्हायरसच्या आत त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर टाकलेला. काय सज्जन काळ होता. आजचे चोर पण फोन नंबर टाकतात म्हणा, शेवपरमलच्या बाबांनी लावला तसा.

गराडू
मी सहसा लिहीत नाही, नुसता वाचतो, पण हा विषय दुखरा आहे.

२०१९ ची गोष्ट. भाच्याची मुंज झाली होती, फोटो आणि व्हिडिओ मिळून साठेक जीबी. ताईने सांगितलं छान फिल्म बनवून दे, तर मी एका विकतच्या व्हिडिओ एडिटरचा क्रॅक, म्हणजे फुकटात चालवायची चोरटी प्रत, उतरवला. त्याच्याबरोबरच्या सूचनेत पहिलंच वाक्य होतं की आधी अँटिव्हायरस बंद करा नाहीतर क्रॅक चालणार नाही. मी केला. बंद केला हो मी स्वतःच्या हाताने. आता विचार केला की वाटतं, चोराने सांगितलं कुत्र्याला आत बांधा आणि आपण बांधलं.

क्रॅक काही चालला नाही. तासाभराने बघतो तर एकही फोटो उघडत नाही, प्रत्येक फाइलच्या नावाला भलतंच शेपूट, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक चिठ्ठी. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर निम्मे, ४९०. सेल लावल्यासारखं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बॅकअप होता! एक्स्टर्नल डिस्कवर सगळं होतं, पण ती डिस्क त्याच मशीनला चोवीस तास लावलेली. तीही गेली.

पैसे दिले नाहीत. नंतर कळलं की ही 'स्टॉप' ऊर्फ 'डीजेव्हू' जातीची रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारी), मोठ्या कंपन्यांऐवजी माझ्यासारख्या फुकट्या घरगुती लोकांनाच गाठणारी, क्रॅक आणि की-जेनमधून (खोटे लायसन्स नंबर काढून देणारे प्रोग्राम). एम्सीसॉफ्ट नावाच्या कंपनीने त्याच वर्षी ऑक्टोबरात फाइली सोडवायचं टूल फुकट काढलं. ते सगळ्यांना चालत नाही. तुमच्या चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी 'टी१' असेल तर किल्ली ऑफलाइनवाली (अनेकांना एकच लावलेली) असते आणि फाइली परत मिळण्याची आशा असते. माझ्या आयडीच्या शेवटी टी१ होतं. ते दोन अक्षरं बघून मी देवाला पेढे ठेवले. टूलमध्ये माझी किल्ली यायला काही महिने गेले, पण फोटो बहुतेक सगळे सुटले, व्हिडिओ काही गेले ते गेलेच. भिक्षावळीचा व्हिडिओ गेला. ताईला आजवर सांगितलेलं नाही की का गेला. ती हा धागा वाचत नसावी अशी आशा.

म्हणून शेवपरमल, अँटिव्हायरस कुठला ते नंतर ठरवा, आधी फोटोंची एक प्रत अशा डिस्कवर घ्या जी कॉपी झाली की वायर काढून कपाटात जाते.

सीए_ताई
गराडू दादा, 🙏. वायर काढून कपाटात, हे अगदी. आमच्याकडे दर शनिवारी टॅलीचा डेटा दोन डिस्कवर जातो आणि एक डिस्क माझ्याबरोबर घरी येते.

पेन ड्राइव्हचं पण सांगते, कारण मंडळाच्या अंकाचं म्हणजे प्रेसला पेन ड्राइव्ह जाणारच. तिथून परत आला की सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात, लोक घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करतात. करू नका! तुमच्या फाइली तिथेच असतात, फक्त लपवलेल्या असतात, शॉर्टकट म्हणजे त्या व्हायरसचा बुरखा, त्यावर क्लिक केलं की तो तुमच्या मशीनमध्ये. माझ्याकडे आता एका कोपऱ्यात जुनं मशीन आहे, त्यावर पेंग्विनभक्त दादांचं लिनक्स घालून ठेवलंय, क्लायंटचा पेन ड्राइव्ह पहिल्यांदा तिथे लागतो. तिथे ते शॉर्टकट नुसते मेल्यासारखे पडून राहतात आणि खऱ्या फाइली कॉपी करून घेता येतात. म्हणजे मुलाचा महिना अगदी वाया गेला नाही.

पेंग्विनभक्त
बघा! शेवटी आलात ना रांगेत.

सीए_ताई
सोवळ्याच्या पाटाएवढाच मान दिलाय, देव्हाऱ्यात नाही बसवलं.

किडा
पेंग्विनभक्तांच्या 'व्हायरस येतच नाही' या वाक्यावर मला बोलायचंय, रात्रभर टोचत होतं.

येतो. २०१६ ला मिराई नावाचा आला होता तो लिनक्सवर चालणाऱ्या वस्तूंवरच, कॅमेरे, डीव्हीआर, राउटर. आत शिरायला काही कारागिरी नाही, कंपनीने ठेवलेला मूळ पासवर्ड कोणी बदलत नाही एवढंच. आपल्या कॉलनीच्या डीव्हीआरचा पासवर्ड काय आहे विचारा. दुसरं, मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या फाइली आवळायच्या साधनात कोणीतरी दोनेक वर्षं सज्जनपणे काम करत करत चोरदरवाजा बसवला होता, जगभरच्या सर्व्हरवर पोचायच्या बेतात होता. पकडला कोणी? एका माणसाला वाटलं की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय. आणि तो माणूस नोकरीला कुठे, तर मायक्रोसॉफ्टमध्ये. 😀

मॅकवाले पण हसू नका, २०१२ ला फ्लॅशबॅकने सहा लाख मॅक धरले होते.

तरी घरच्या लिनक्सवर त्रास कमी असतो हे खरं, त्याची कारणं साधी आहेत. वापरणारे मूठभर, चोराला त्या गल्लीत फिरणं परवडत नाही. आणि सॉफ्टवेअर गुगलवर शोधून कुठल्याही साइटवरून उतरवायची सवय तिथे कमी, एकाच भांडारातून येतं. विंडोजवर माणूस 'फ्री पीडीएफ कन्व्हर्टर' शोधतो आणि पहिल्या जाहिरातीवर क्लिक करून घरात वरात आणतो.

आणि माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

कुकर_तीन_शिट्या
कचरा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत टाकणारं शहर आपलं, आणि प्रत्येकाच्या डाउनलोड फोल्डरचं ट्रेंचिंग ग्राउंड झालेलं.

पेंग्विनभक्त
किडाभाऊ, बरं, 'येतच नाही' मागे घेतो. 'मला १९ वर्षांत आला नाही' असं वाचावे.

धार_रोडवाला
विंडोज ११ टाका ना भिया, काय एवढं. माझा पण चौथ्या पिढीचा आहे, रुफस नावाच्या टूलने पेन ड्राइव्ह बनवताना दोन टिका मारल्या, टीपीएमची (मशीनमधल्या सुरक्षेच्या चिपची) अट गेली, ११ चालू. वर्ष झालं, मस्त.

माळवी_मिरची
चालतं, पण ज्यांच्या बाबांसाठी विचारलंय त्यांना सांगू नये. ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. अटी चुकवून टाकलं तर अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाचं मोठं अपडेट हातानेच घालत बसावं लागतं. सुरक्षेसाठी बदल करायचा आणि सुरक्षेचीच हमी नाही, हे म्हणजे हेल्मेट घेतलं आणि डिकीत ठेवलं.

त्यापेक्षा हे बघा. विंडोज १० १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं खरं, पण घरगुती वापराला एक वर्षाची वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट. त्याला ईएसयू म्हणतात. ३० डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू करा, मग फुकट. विंडोज अपडेटच्या पानावरच नाव नोंदवायची लिंक येते, फक्त आवृत्ती २२एच२ पाहिजे. आणि डिफेंडरच्या व्हायरस ओळखायच्या याद्या विंडोज १० ला ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत. पण याद्या वेगळ्या आणि भोकं बुजवणं वेगळं, याद्यांच्या भरवशावर २०२८ पर्यंत बसू नका.

सराफा_रात्री_बारा
अपडेट अपडेट करता, अपडेटनेच माझा प्रिंटर दोनदा गेला.

किडा
मे २०१७ चं वॉनाक्राय आठवतं? ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. दोन महिने. ज्यांनी टाकलं त्यांच्याकडे ते आलं आणि दारावरून परत गेलं. प्रिंटर परत येतो हो.

उसाचा_रस
अवांतर: कम्प्युटर राहू दे, फोनचं बघा. लग्नसराई आली की व्हॉट्सॅपवर पत्रिका म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, येते. माझ्या सासऱ्यांना ओळखीच्याच नंबरवरून आली, कारण त्या ओळखीच्याचा फोन आधीच गेलेला. पत्रिका पीडीएफ असते, फोटो असतो, एपीके कधीच नसते. सासरे म्हणाले नवीन पद्धत असेल. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच तासात.

एकेकाळचा_फ्लॉपीवाला
आमच्या वेळी पत्रिकेला हळदकुंकू लावून घरी द्यायला यायचे. त्यातून काही होत नसे, फार तर आहेर.

शेवपरमल
मंडळी, तीन दिवस गायब होतो, माफी. आणि @किडा, तुमचा प्रश्न मी चक्क वाचलाच नव्हता, सगळे भांडत होते त्यात तो गडप झाला. काल रात्री बघितलं. पाटीच्या खाली बारीक अक्षरात एका कुठल्यातरी पिक्चर फुकट दाखवणाऱ्या साइटचं नाव आणि शेजारी क्रोमचं चिन्ह.

किडा
मग ते पाचही व्हायरस खोटे. तो व्हायरस नाही, नोटिफिकेशन आहे. कधीतरी त्या साइटवर 'अलाव' (Allow, म्हणजे परवानगी) दाबलं गेलंय, 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाव दाबा' असं सांगून दाबून घेतात. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी असलेल्यांच्या यादीत ती साइट असेल, काढून टाका. आणि तिथेच वर, कुठल्याच साइटने विचारू नये असा पर्याय आहे तो लावा.

एकदा डिफेंडरचा पूर्ण स्कॅन मारा तरीपण. त्या फोनवाल्याने सांगितलेलं सॉफ्टवेअर अर्धवट उतरलं असेल तर ते पण उडवा.

जुनी_इंदूर
आणि मग फॉरमॅट.

शेवपरमल
यादीत अकरा साइट होत्या. अकरा! काढल्या, पाटी बंद. स्कॅनमध्ये काही नाही. डाउनलोडमध्ये त्या महाशयांचं सॉफ्टवेअर पडलेलं होतं, चालवलेलं नव्हतं, उडवलं. मी दोन हजाराचा अँटिव्हायरस कार्टमध्ये टाकून बसलो होतो.

बाकी काय केलं ते सांगतो. सिल्व्हर मॉलमधून २५६ जीबीची एसएसडी आणि ४ जीबी रॅम आणली, आधी मशीन चालू व्हायला चार मिनिटं लागायची, आता बाबांचा चहा व्हायच्या आत तयार. ईएसयूला नाव नोंदवलं. बाबांचं खातं साधं केलं, ॲडमिनचं वेगळं, त्याचा पासवर्ड माझ्याकडे. यावर घरात एक सभा झाली, 'माझ्याच कम्प्युटरवर मीच परका' वगैरे. फोटो दोन डिस्कवर, एक ताईकडे वडोदऱ्याला जाईल.

जुन्या हार्ड डिस्कवर हौस म्हणून मिंट टाकलं. दिसायला छान, डाँगलवालं सॉफ्टवेअर वाइनमध्ये उघडलं आणि पहिल्याच खिडकीत 'डाँगल सापडत नाही'. सीए ताई, 🙏. तर अंक निघेपर्यंत विंडोज १०, ऑक्टोबरनंतर काय ते ठरायचंय.

पेंग्विनभक्त
ऑक्टोबरपर्यंत त्यांना युनिकोड (कुठल्याही मशीनवर तसंच दिसणारं टायपिंग) शिकवा. लिनक्सवर इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड सेटिंगमधून चालू होतो, डाँगल नाही की काही नाही. विंडोजवर पण तोच कीबोर्ड, म्हणजे आत्तापासून सवय होईल. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलायचे कन्व्हर्टर मिळतात, जोडाक्षरं तेवढी डोळ्यांनी तपासावी लागतात.

शेवपरमल
तेच सांगितलं. म्हणाले युनिकोडमध्ये 'सुऱ्या' लिहिता येत नाही, 'सुर्या' होतं, आणि ज्यात मराठी नीट येत नाही ते आम्ही वापरत नाही. मग त्यांना हा धागा दाखवला. वाचून चष्मा पुसला आणि म्हणाले मला खातं काढून दे.

ति_न_पेन्शनर
नमस्कार. मी शेवपरमल यांचा पिता. हा मजकूर मी स्वतः इन्स्क्रिप्टमध्ये टंकत आहे, अर्धा तास झाला.

काही दुरुस्त्या. एक, मी चोराला पत्ता सांगत नव्हतो, माळवी मिरची यांनी नोंद घ्यावी. पाटीवर पाच व्हायरस लिहिले होते, कुठले पाच एवढेच मी विचारत होतो. बँकेत ३४ वर्षे काढली आहेत, आकडा आला की तपशील मागायची सवय आहे. तो गृहस्थ तपशील देत नव्हता, म्हणून तर मी चष्मा शोधण्यात वेळ काढत होतो. दोन, फुकट पिक्चरच्या साइटवर मी गेलेलो नाही. ते सौ. ना विचारावे. तीन, 'पेशन्स' हा खेळ माझ्या वापराच्या यादीत सर्वांत शेवटी लिहिला आहे ते बरोबर आहे.

आता शंका. 'सुऱ्या' मला वर चिरंजीवांच्या मजकुरात व्यवस्थित दिसतो आहे. त्यांनी तो कसा काढला ते विचारले तर फोनवरून आला म्हणतात. या कीबोर्डवर तो अर्धा र कुठे आहे?

पेंग्विनभक्त
नमस्कार काका! इंग्रजी J च्या किल्लीवर साधा र आहे ना, शिफ्ट धरून तीच दाबा, ऱ येईल. मग हलन्त म्हणजे इंग्रजी D ची किल्ली, मग य.

ति_न_पेन्शनर
सुर्या
सुऱ्या. दऱ्या. पुढाऱ्यांनी. बिचाऱ्या.

आला. धन्यवाद. हे मंडळाच्या कार्यकारिणीत मांडतो. अंकाचा एक लेख यातून करून बघू, सगळा अंक नाही.

सीए_ताई
काका, कार्यकारिणीत मांडताना बॅकअपचं पण घ्या. अंकाच्या फाइलींची दुसरी प्रत कोणाकडे असते?

ति_न_पेन्शनर
प्रेसवाल्याच्या पेन ड्राइव्हवर.

गराडू
काका 😶

जुनी_इंदूर
काका, तो पेन ड्राइव्ह मात्र फॉरमॅट करू नका.